टिटवी आणि रॅटेल : उघड्या जमिनीवर जगण्याच्या दोन रीती

बीड जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आत, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला असला, तरी किनारपक्षी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पक्षिगणाचे काही सदस्य या जिल्ह्यात बारमाही राहतात आणि त्यांतील सर्वांत परिचित सदस्य म्हणजे टिटवी. या गणात कुरव, सुरय, तुतवार, शेकाट्या, चिखल्या, कमळपक्षी, धाविक अशा पक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती येतात. त्यांपैकी काही खुल्या समुद्रावर, काही खाडीच्या चिखलात, काही तळ्यांच्या काठी, तर काही पाण्याचा टिपूसही नसलेल्या माळावर राहतात. या साऱ्यांना एका गणात बसवताना राहणीपेक्षा शरीररचना आणि वंशपरंपरा पाहिली जाते, त्यामुळे जन्मात समुद्र न पाहणारी टिटवीही किनारपक्षीच ठरते. पंचतंत्रात टिट्टिभ पक्ष्याच्या जोडप्याची अंडी समुद्र वाहून नेतो आणि अखेर गरुड व विष्णू यांच्या मध्यस्थीने ती परत मिळतात, अशी कथा आहे. बीडच्या टिटवीला समुद्राचे भय नसले तरी तिच्या अंड्यांना नांगर, गुरांचे खूर, कुत्री, मुंगूस आणि वैशाखातील ऊन यांचे भय आहे, आणि या भयातून सोडवायला गरुड येत नाही.

जिल्ह्यात टिटवीच्या दोन जाती आढळतात. डोळ्यांपुढे लालभडक मांसल गाठ असलेली, काळ्या छातीची, सुमारे ३५ सेंटीमीटर लांबीची टिटवी शास्त्रीय भाषेत व्हॅनेलस इंडिकस म्हणून ओळखली जाते. ती विहिरी, शेततळी, पाटचाऱ्या आणि धरणांचे काठ धरून राहते. दुसरी माळटिटवी, म्हणजे व्हॅनेलस मलबारिकस, आकाराने लहान असून तिची गाठ पिवळी, डोक्यावरील टोपी काळी आणि त्या टोपीखाली पांढरी कड असते. ही जाती भारतीय उपखंडाबाहेर आढळत नाही आणि पाण्यापेक्षा मुरमाड, विरळ गवताचा कोरडा माळ तिला अधिक मानवतो. दोघींचेही पाय धावण्यासाठी घडलेले आहेत; मागचे बोट खुरटलेले किंवा नाहीसे झालेले असल्याने त्यांना फांदीवर पकड घेता येत नाही आणि झाडाचा आसरा त्यांच्या आयुष्यात नसतो. चरणे, विसावणे, अंडी उबवणे आणि पिल्ले वाढवणे हे सारे जमिनीवरच चालते.

या पक्ष्याशेजारी ज्या सस्तन प्राण्याला उभे करायचे, तो त्याच्या अगदी उलट टोकाचा वाटावा असा आहे. रॅटेल, ज्याला मराठीत चांदी अस्वल असेही म्हणतात, हा बॅजरसारखा दिसणारा, आखूड पायांचा, रुंद पाठीचा, कणखर बांध्याचा प्राणी आहे. त्याचे शास्त्रीय नाव मेलिव्होरा कॅपेन्सिस असे असून अस्वलाशी त्याचे जवळचे नाते नाही. तो मुस्टेलिड या कुलातला, म्हणजे पाणमांजर, चितराळ आणि युरोपातील बॅजर यांच्या कुळातला आहे. त्या कुळातही तो आपल्या उपकुलात एकटाच उरला आहे, त्यामुळे बॅजरशी असलेले त्याचे साम्य मुख्यतः खणण्याच्या समान सवयीतून आलेले आहे. प्रौढ नराचे वजन साधारण ९ ते १६ किलो असते आणि मादी त्याहून बरीच हलकी असते. आफ्रिका, अरबस्तान आणि इराणपासून भारतापर्यंत त्याचा पसारा आहे. भारतात दाट सदाहरित वनांपेक्षा द्वीपकल्पातील कोरडी पानझडी राने, झुडपी माळ आणि खडकाळ डोंगरउतार त्याला अधिक भावतात. महाराष्ट्रात मेळघाट आणि ताडोबासारख्या विदर्भातील वनांच्या प्राणिसूचीत त्याचे नाव आहे, आणि ज्या प्रकारची जमीन तो निवडतो ती बालाघाटाच्या कड्याकपारींत मैलोगणती पसरलेली आहे.

बालाघाटाची रांग अहिल्यानगरकडून येऊन आष्टी, पाटोदा, बीड, केज, अंबाजोगाई या भागांतून पुढे धाराशिव आणि लातूरकडे जाते, तर जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे. काळ्या पाषाणाच्या थरांवर पातळ माती, उतारावर मुरूम, ओढ्याकाठी बाभळी, माथ्यावर कुसळी गवत आणि सीताफळाची झुडपे, असे या डोंगराळ भागाचे रूप आहे. पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आतच राहते आणि ती सरासरीही बऱ्याच वर्षी गाठली जात नाही. अशा भूमीत जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यापुढे एक मूलभूत अडचण असते. दाट पानोळा नाही, उंच गवत वर्षातून तीन-चार महिनेच, आणि लांबून सारे काही दिसते. लपण्याची सोय नसलेल्या जागी जीव आणि संतती कशी राखायची, या प्रश्नाला टिटवी आणि रॅटेल यांनी दिलेली उत्तरे इतकी भिन्न आहेत की त्या दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय या भूमीचे स्वरूप पुरते ध्यानात येत नाही.

टिटवीने आपले संरक्षण स्वतःच्या शरीराबाहेर मांडलेले आहे. तिच्या चोचीत किंवा पंजात मोठ्या शत्रूला इजा करण्याचे बळ नाही. जे आहे ते नजर, आवाज आणि रंग यांत आहे. तिचे डोळे डोक्याच्या मानाने मोठे असून मंद उजेडातही ती भक्ष्य पाहू शकते, त्यामुळे चांदण्या रात्री ती चरत राहते आणि रात्रीची पहिली हाक बहुधा तिचीच असते. चार पावले धावायचे, थांबायचे, जमिनीवरची हालचाल टिपायची आणि झडप घालायची, ही तिची चरण्याची पद्धत आहे. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, नाकतोडे आणि गोगलगायी हा तिचा आहार आहे. माणूस, कुत्रा, कोल्हा किंवा घार जवळ येताच ती उडून घिरट्या घालत ओरडू लागते, आणि तिच्या ओरडण्याने परिसरातील इतर पक्षी, ससे आणि हरणेही सावध होतात. शिकारी माणसांना ती नकोशी वाटे ती यामुळेच.

घरट्याच्या बाबतीत मात्र हीच गोंगाट करणारी टिटवी मौनाचा आणि फसवणुकीचा अवलंब करते. घरटे म्हणजे जमिनीत पायाने केलेला उथळ खळगा, ज्याभोवती फार तर खडे किंवा लेंड्या मांडलेल्या असतात. अंड्यांचा रंग मातकट असून त्यावर काळसर डाग असतात आणि मुरमाच्या खड्यांत ती दोन पावलांवरूनही ओळखू येत नाहीत. शत्रू दूर असतानाच उबवणारा पक्षी गुपचूप उठून काही अंतर पायी चालत जातो आणि मग दुसऱ्याच ठिकाणाहून ओरडत उडतो, त्यामुळे आवाजाचा माग घेत येणारा प्राणी खऱ्या जागेपासून लांब खेचला जातो. शत्रू फारच जवळ आला तर पंख मोडल्याचे सोंग करणे, रिकाम्या जागी अंडी उबवत बसल्यासारखे दाखवणे, किंवा थेट डोक्यावर झेप घेऊन त्याला हुसकावणे, असे उपाय नर आणि मादी दोघेही योजतात. चरणारी गुरे अंड्यांकडे येऊ लागली तर टिटवी उडून जात नाही. ती पंख पसरून त्यांच्या तोंडासमोर उभी राहते, कारण गुरांकडून तिला स्वतःला धोका नसतो, धोका असतो तो खुरांखाली येणाऱ्या अंड्यांना. शत्रूचा प्रकार पाहून उपाय बदलण्याची ही क्षमता पाहिली म्हणजे टिटवीला केवळ बडबडी मानणे किती उथळ आहे ते कळते.

रॅटेलचे संरक्षण त्याच्या अंगात आहे. मानेभोवती सुमारे सहा मिलिमीटर जाड असलेली त्याची कातडी इतकी सैल असते की एखाद्या प्राण्याने मानगूट धरले तरी तो त्याच कातडीत वळून धरणाऱ्याला चावू शकतो. पुढच्या पंजांची नखे जवळजवळ चार सेंटीमीटर लांब असतात. त्यांनी तो कठीण मुरूम फोडतो आणि वेळप्रसंगी शत्रूचाही समाचार घेतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून तो गुदमरून टाकणारा दुर्गंध सोडतो. त्याचा रंगही विलक्षण आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिके असते, कारण वरून येणाऱ्या उजेडात अशा रंगसंगतीने शरीराची उठावदार आकृती नाहीशी होते. रॅटेलची पाठ मात्र राखी-पांढरी आणि पोट व पाय काळे असतात. लपण्याच्या दृष्टीने ही रचना उलटी आहे, परंतु लपणे हा तिचा हेतू नसावा. अंधारात ठळक दिसणारी ती पांढरट झूल जवळ येणाऱ्याला आगाऊ इशारा देते आणि एकदा फजिती झालेला बिबट्या किंवा कुत्रा ती खूण विसरत नाही. टिटवी उडताना पंखांवरील काळेपांढरे पट्टे झळकावते आणि खाली बसताच मातीत विरून जाते, म्हणजे दिसणे आणि न दिसणे या दोन्ही अवस्था ती गरजेनुसार वापरते. रॅटेलला अशी अदलाबदल करावी लागत नाही.

या शारीरिक चिलखताचा सर्वांत सूक्ष्म भाग डोळ्यांना दिसत नाही. रॅटेल नाग आणि अन्य साप मारून खातो, आणि सर्पदंशानंतर तो काही काळ निपचित पडून पुन्हा उठल्याच्या नोंदी आफ्रिकेत झालेल्या आहेत. स्नायूंच्या पृष्ठभागावर, मज्जातंतूंकडून येणारा रासायनिक निरोप स्वीकारणारी काही प्रथिने असतात, ज्यांना ग्राहक म्हणतात. नागाच्या विषातील मज्जाघातक द्रव्य या ग्राहकांना घट्ट चिकटते, निरोप स्नायूंपर्यंत पोहोचेनासा होतो आणि अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडून मृत्यू ओढवतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, रॅटेलच्या ग्राहकांत विष ज्या जागी चिकटते तेथील एक अमिनो आम्ल बदललेले आहे. बदलून आलेल्या अमिनो आम्लावर धन विद्युतभार असतो आणि विषाचा रेणूही धनभारित असल्याने तो तेथे टिकत नाही. हाच बदल साळू नव्हे, तर काटेचुवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान काटेरी प्राण्यात आणि डुकरात स्वतंत्रपणे झालेला आढळला. मुंगसाला नागाच्या विषापासून मिळालेले संरक्षण रचनेने निराळे आहे. त्याच्या ग्राहकाला जोडलेला शर्करेचा रेणू विषाची वाट अडवतो. सापाशी झुंजणारे म्हणून मुंगूस आणि रॅटेल यांची गणना एकत्र होत असली, तरी मुंगूस वंशाने मांजरांच्या शाखेकडचे आहे, रॅटेल कुत्रा-अस्वलांच्या शाखेकडचा आहे, आणि दोघे एकाच मुक्कामाला वेगळ्या वाटांनी पोहोचले आहेत. मात्र हे संरक्षण मज्जाघातक विषापुरतेच आहे. घोणसीचे विष रक्तावर आणि ऊतींवर हल्ला करते आणि तेथे ग्राहकातील हा बदल उपयोगी पडत नाही, म्हणून सर्व विषांपासून अभय असलेला प्राणी अशी रॅटेलची जी कीर्ती पसरली आहे तिला मर्यादा घालायला हवी.

मधाबद्दलच्या त्याच्या कीर्तीलाही अशीच मर्यादा आहे. त्याच्या लॅटिन नावातच मध आहे, तो पोळी फोडतो हे खरे आहे, आणि पोळ्यातील अळ्या त्याला मधाइतक्याच प्रिय असतात. परंतु त्याचा रोजचा आहार म्हणजे उंदीर, घुशी, सरडे, साप, विंचू, बेडूक, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि जमिनीवरील पक्ष्यांची अंडी. मधदर्शक नावाचा पक्षी रॅटेलला पोळ्यापर्यंत घेऊन जातो ही गोष्ट आफ्रिकेविषयी वारंवार सांगितली गेली असली तरी तिचा भक्कम पुरावा फारसा नाही, आणि भारतात तर मधदर्शकाची एकमेव जाती हिमालयात राहते. बालाघाटातील कड्यांवरचे आग्या मोहोळ, झुडपातली फुलोरी किंवा झाडाच्या ढोलीतली सातेरी शोधायची तर दख्खनच्या रॅटेलला स्वतःच्या नाकावरच भिस्त ठेवावी लागते. टिटवीचे जग डोळ्यांनी उलगडते, त्याचे नाकाने. त्याचे डोळे बारीक आहेत, बाहेरचे कान केवळ कातडीच्या कडेइतके उरले आहेत आणि खणताना माती आत जाऊ नये म्हणून ते मिटता येतात.

आता उष्णतेकडे वळले पाहिजे, कारण बीडच्या उघड्या जमिनीवर शत्रूंपेक्षाही मोठी कसोटी उन्हाची असते. एप्रिल-मे महिन्यांत हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि उघड्या मुरमाचे त्याहूनही कितीतरी वर. पक्ष्यांच्या अंड्यातील गर्भ थंडी काही काळ सोसतो, परंतु ४२ अंशांच्या आसपासची उष्णता त्याला थोड्या वेळातच मारते. माळटिटवीची वीण मुख्यतः मार्च ते मे या काळात, म्हणजे नेमकी याच दिवसांत होते. त्यामुळे इतर पक्ष्यांच्या बाबतीत ज्याला उबवणे म्हणतात, ते टिटवीच्या बाबतीत दिवसाचा बराच वेळ थंड राखणे असते. दुपारी ती अंड्यांवर बसण्याऐवजी उभी राहून त्यांच्यावर सावली धरते. नर आणि मादी पाळीपाळीने हे काम करतात. जवळ पाणी असेल तर पाळीवर येणारा पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतो आणि ओल्या पिसांनी अंडी किंवा पिल्ले गार करतो. २८ ते ३० दिवस ही कसरत चालते. शेततळे, गळकी टाकी, हौदाकाठचे डबके, यांचे मोल माणसाच्या लेखी काही असो, टिटवीच्या वंशासाठी ते अंड्यातील गर्भ जगण्या-मरण्याइतके असते. लाल गाठीची टिटवी पाण्याच्या आसपास का राहते आणि गेल्या काही दशकांत शेततळी वाढल्यावर ती पूर्वीच्या कोरड्या शिवारांत का दिसू लागली, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

रॅटेल हा प्रश्न जमिनीखाली जाऊन सोडवतो. काही फूट खोलीवर जमिनीचे तापमान दिवसरात्र जवळजवळ स्थिर राहते, म्हणून एक ते तीन मीटर लांबीचे बीळ हे उन्हाळ्यात गारव्याचे आणि हिवाळ्यात उबेचे ठिकाण ठरते. तो स्वतः वेगाने खणतो आणि इतरांची बिळेही वापरतो. भारतात तो बहुतांशी निशाचर आहे, त्यामुळे ज्या वेळी माळ तापलेला असतो त्या वेळी तो माळावर नसतोच. टिटवी उन्हाला तोंड देते, रॅटेल उन्हाची वेळ टाळतो; आणि या फरकामुळे एकाच शिवारात वर्षानुवर्षे राहूनही माणसाला एकीचा परिचय बालपणापासून होतो आणि दुसऱ्याचा होतच नाही.

संतती वाढवण्याच्या रीतींत हा फरक कळसाला पोहोचतो. टिटवी बहुधा चार अंडी घालते आणि ती टोकाकडून आत वळवून मांडलेली असतात. अंड्यातून बाहेर येताच पिल्लांचे डोळे उघडे असतात, अंगावर मातीच्या रंगाची लव असते आणि काही तासांतच ती खळगा सोडून आई-वडिलांमागे चालू लागून स्वतः किडे टिपतात. धोक्याची हाक येताच ती जागच्या जागी जमिनीला चिकटतात आणि निर्धास्ततेची हाक येईपर्यंत हलत नाहीत. एवढे होऊनही पुष्कळ घरटी आणि पिल्ले नष्ट होतात; परंतु घरटे गेले तर टिटवी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालू शकते, आणि तिच्या जातीचा टिकाव या पुन्हा पुन्हा करण्यावर अवलंबून आहे.

रॅटेलच्या मादीला अशी मुभा नाही. दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना यांच्या सीमेवरील कलहारीत कॉलीन आणि कीथ बेग या दांपत्याने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रॅटेलांचा जो प्रदीर्घ अभ्यास केला, त्यातून या प्राण्याच्या खासगी आयुष्याचे पहिले सविस्तर चित्र मिळाले. मादीला बहुधा एक, क्वचित दोन पिल्ले होतात. ती जन्मतः आंधळी आणि जवळजवळ केसविरहित असतात. मादी पिल्लाला तोंडात धरून थोड्या थोड्या दिवसांनी एका बिळातून दुसऱ्या बिळात हलवते. नर पिल्लाच्या पालनात भाग घेत नाही. पिल्लू १२ ते १६ महिने आईवर अवलंबून राहते, कारण बीळ कुठे उकरावे, विंचू कसा धरावा आणि साप कुठून पकडावा हे त्याला उपजत पुरेसे येत नाही. ते आईमागे फिरून शिकावे लागते. एवढ्या दीर्घ गुंतवणुकीमुळे एका मादीच्या हातून आयुष्यभरात मोजकीच पिल्ले मोठी होतात. त्याच अभ्यासात नराचे फिरण्याचे क्षेत्र सरासरी ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक आणि मादीचे शंभराहून अधिक भरले. कलहारी बीडपेक्षा कितीतरी कोरडी आहे, भक्ष्य तेथे विरळ आहे, आणि दख्खनमध्ये त्याहून बऱ्याच लहान क्षेत्रात रॅटेलचे भागू शकते. तरी तुलनेसाठी एवढे लक्षात ठेवावे की पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य सुमारे ३० चौरस किलोमीटरांचे आहे, आणि टिटवीच्या जोडीला मात्र एक-दोन शेतांचा तुकडा पुरतो.

माणसाच्या मनात या दोघांना मिळालेल्या जागाही त्यांच्या स्वभावाला धरून आहेत. टिटवी दिसते आणि ऐकू येते, म्हणून तिच्याभोवती समजुतींचे मोठे जाळे विणले गेले. रात्री घरावरून ओरडत जाणारी टिटवी अशुभ मानली गेली. पाय वर करून झोपते आणि आभाळ पेलते, असेही तिच्याविषयी सांगितले गेले. मराठवाड्यात सर्वांत जिव्हाळ्याची समजूत पावसाची आहे. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर, नदीच्या पात्रात घातली तर दुष्काळ, आणि जितकी अंडी तितके महिने पाऊस, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्या जिल्ह्याने भोगला आणि ज्याची कुटुंबे ऊसतोडीसाठी दर वर्षी गाव सोडतात, त्या जिल्ह्याने आकाशाची वार्ता देणाऱ्या प्रत्येक खुणेकडे आशेने पाहावे यात नवल नाही, आणि या समजुतीची टर उडवणे हे अन्यायाचे होईल. तथापि तिची तपासणी करता येते. चार अंडी ही केवळ टिटवीची नव्हे, तर किनारपक्ष्यांच्या गणातील अनेक कुलांची ठरलेली संख्या आहे. एका टोकाला निमुळती अशी चार अंडी टोके आत करून मांडली की ती पक्ष्याच्या पोटाखाली नेमकी मावतात. म्हणून दुष्काळी वर्षातही टिटवीची अंडी बहुधा चारच असतात. घरट्याची जागा पाहावी तर ती त्या दिवसांतील जमिनीवर अवलंबून असते. माजलगाव आणि मांजरा धरणांचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की गाळाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात, आणि पाणी जवळ, नजर मोकळी अशी जागा मिळाल्यावर टिटवी तेथे अंडी घालते. पाणी आधीपासूनच भरलेले असेल तर तिला काठावर किंवा उंचवट्यावर जावे लागते. तेव्हा तिची निवड सरून गेलेल्या पावसाची साक्ष देते, येणाऱ्या पावसाची नव्हे.

रॅटेलच्या वाट्याला मात्र एक काळी समजूत आली. प्रेते उकरून खाणारा प्राणी अशी त्याची बदनामी उत्तर भारतात इतकी रूढ होती की टी. सी. जर्डन यांनी १८६७ च्या आपल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात तिची नोंद घेतली. महाराष्ट्रातही उदमांजर, रॅटेल आणि स्मशानाभोवती दिसणारे कोणतेही निशाचर जनावर यांची सर्रास गल्लत होते. खणण्यात तरबेज असलेला प्राणी भुसभुशीत मातीकडे वळतो आणि अळ्या-उंदरांसाठी ती उकरतो, एवढ्या गोष्टीवरून हा आरोप रचला गेला असणे शक्य आहे. परिणामी, उंदीर-घुशी फस्त करून ज्वारी-बाजरीच्या शिवाराला हातभार लावणारा हा प्राणी दिसताच काठीचा धनी होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, त्याला स्थान आहे, ही गोष्ट गावपातळीवर क्वचितच पोहोचते.

या दोन प्राण्यांची गाठ माळावर पडते ती टिटवीच्या विणीच्या दिवसांत, आणि ती बरोबरीची नसते. रात्री नाकाने माग काढत येणाऱ्या रॅटेलपुढे अंड्यांचा मातकट रंग निरुपयोगी ठरतो, कारण तो रंग डोळ्यांना फसवण्यासाठी आहे, नाकाला नव्हे. जाड कातडीवर टिटवीच्या झेपांचा परिणाम होत नाही. तरीही असे घरटे जाणे टिटवीच्या हिशेबात बसलेले आहे. शतकानुशतके ती रॅटेल, मुंगूस, कोल्हा आणि घोरपड यांच्यासह या माळावर नांदत आली आणि पुन्हा अंडी घालत आली. जे या हिशेबात बसत नाही ते अलीकडचे आहे. कोरड्या माळाला सरकारी नकाशांत पडीक जमिनीच्या रकान्यात टाकले जाते. केंद्र सरकारने काढलेल्या पडीक जमिनींच्या मानचित्रसंग्रहातही झुडपी जमीन हा एक स्वतंत्र वर्ग आहे. एकदा जमीन पडीक ठरली की ती सपाट करणे, तिचा मुरूम उपसणे किंवा तिच्यावर प्रकल्प उभारणे यांत काही गमावले जाते असे कुणाला वाटत नाही. बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी डोंगरमाथ्यावर रस्ते गेले, आणि यंत्रांनी उतार फोडून शेते काढली गेली.

या बदलांना तिघेही सारखे प्रतिसाद देत नाहीत. लाल गाठीची टिटवी नांगरटीत, मोकळ्या भूखंडावर, प्रसंगी घराच्या गच्चीवरही अंडी घालते आणि माणसाच्या वस्तीत तग धरते. माळटिटवीला ते जमत नाही. तिला विरळ गवताचा, न नांगरलेला माळच लागतो, आणि सपाटीकरण व मुरूम उपसा यांचा जोर असतो तो उन्हाळ्यातच, म्हणजे तिची अंडी जमिनीवर असतात त्याच महिन्यांत. ही कामे पाऊस संपल्यानंतर हिवाळ्यात उरकली, तर तिच्या एका पिढीचे रक्षण खर्चाशिवाय होऊ शकते. रॅटेलच्या बाबतीत वेळापत्रकाने भागत नाही. त्याला रात्रीतून मैलोगणती फिरता येईल अशी सलग जमीन लागते, आणि बीडमध्ये ती एखाद्या अभयारण्याच्या सीमेत मिळणारी नसून अहिल्यानगरपासून धाराशिवपर्यंत जाणाऱ्या बालाघाटाच्या उतारांवर, वनखात्याच्या तुकड्यांत, गायरानांत आणि खासगी माळांत विभागलेली आहे. असा प्राणी दिवसाच्या फेरीत दिसत नाही, म्हणून त्याच्या नोंदीसाठी कॅमेरा सापळे, म्हणजे जनावराची हालचाल आणि अंगाची ऊब टिपून आपोआप छायाचित्र घेणारी उपकरणे, वापरावी लागतात. आणि ती केवळ वाघांच्या जंगलांत न लावता बालाघाटाच्या घळींत, बिळांच्या तोंडाशी आणि उन्हाळ्यात टिकणाऱ्या पाणवठ्यांवरही लावली गेली पाहिजेत.